दुसरा ट्रे

ग्रिल मी बंद केलं होतं.

हे मी आता कुणाला सांगत नाही. इथे प्रत्येकाचं असं काही ना काही असतं. मी पडलेच नव्हते, गाडी मी नीटच चालवत होतो, घरात चोर शिरला होता. काम करणाऱ्या पोरी "हो ना, हो ना" म्हणत उशी झटकतात आणि पुढच्या खोलीत जातात. त्या 'हो ना'मध्ये मला माझं नाव घालायचं नाही. पण ग्रिल बंद केलं होतं. बटण फिरवलं, आतली निळ्या ज्योतींची रांग विझलेली डोळ्यांनी पाहिली आणि मगच बशी घेऊन बाहेर गेले. मेंढ्यांची लोकर कापत गावोगाव फिरणाऱ्या टोळ्यांचा स्वयंपाक मी केलाय. पत्र्याची खोली, लाकडाची चूल आणि दाराबाहेर काडी लागायची वाट बघत उभं असलेलं वाळकं गवत. तिथे पेटती चूल सोडून जाणारी बाई दुसऱ्या दिवशी कामावर नसते. ती शिस्त माझ्या हाडात मुरलेली आहे, आणि हाडं अजून शाबूत आहेत, एक मनगट सोडलं तर.

सगळं सुरू झालं ते त्या मनगटापासून. हिवाळ्यात कोंबड्यांच्या खुराड्यापाशी चिखलात घसरले आणि ते मोडलं. ते जुळलं, पण माझ्या मुलीच्या, जॅनीनच्या, डोक्यात जे शिरलं ते काही निघेना. ती राहते अॅडलेडला. तिथून रोज संध्याकाळी फोन. आई, तू एकटी. आई, काही झालं तर कळणार कुणाला. आई, हॉस्पिटलला लागून ती नवी इमारत झालीये वृद्धांसाठी, तिथली बाग बघितलीस का? बाग! सिमेंटच्या कुंडीत लावलेली चार झेंडूची रोपं म्हणजे यांची बाग. माझ्या मागच्या दारी लिंबाचं झाड होतं, पार्सलीचा वाफा होता, लसूण तर मी दरवर्षी काढायचे आणि वेण्या करून धुण्याच्या खोलीत टांगायचे. त्या घरात मी नवरी म्हणून आले आणि तिथूनच मला आडवी बाहेर न्यावी एवढीच माझी इच्छा होती. फार मोठं मागणं नव्हतं ते.

शेवटी ठरलं की जिल्ह्याच्या हॉस्पिटलमधून कुणीतरी येईल, मी घरात कशी वावरते, स्वतःचं खाणं कसं करते ते बघेल आणि सांगेल. जॅनीननं शब्द दिला. "ती म्हणाली राहू दे, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, आई. पण ती नाही म्हणाली तर तूही वाद घालायचा नाही." मी कबूल केलं. मला माझ्या हातांवर भरवसा होता.

माझा मुलगा ग्लेन तिथेच गावात राहतो, टायरच्या दुकानात कामाला आहे. आदल्या दिवशी तो आला, न्हाणीघरात धरायला कठडा ठोकून दिला आणि मग माझ्या टेबलाशी बसून चहा प्यायला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण माझ्या स्वयंपाकघरात शिरला की खुर्चीच्या मागच्या दोन पायांवर झुलणार, पोरासारखा.

"तू काळजी करू नकोस, आई. जॅनीनला मी बघतो."

"जॅनीनला तू काय बघणार? ती बोलायला लागली की तू बुटांकडे बघतोस."

"उद्या नाही बघणार," तो म्हणाला. "मी तुझ्या बाजूनं आहे. तू इथून हललीस तर मी रविवारी जेवू कुठं?"

मी हसले. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर ओठ टेकवले, तेव्हा पेपरमिंटच्या गोळीखालून तंबाखूचा वास आला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून सिगरेट बंद. बायको पहारा ठेवते, जॅनीन फोनवरून झाडाझडती घेते. मला कळलं होतं, पण मी मूग गिळून बसले. आमच्या दोघांचं असंच होतं. तो करायचा आणि मी पोटात घालायचे.

हे कुठून आलं तेही सांगते, कारण त्याला गार्लिक ब्रेडच कारण आहे.

माझा नवरा क्लॅरी. त्याला लसणाचा तिटकारा. नदीकाठच्या द्राक्षमळ्यांवर इटलीहून आलेली कुटुंबं होती, त्यांच्याकडून मी लसूण शिकले, आणि क्लॅरीच्या मते ते परक्या लोकांचं खाणं. मटण, बटाटा, वाटाणा, संपलं. घरात लसणाचा वास आला तर तो ताट सरकवायचा, आणि त्याचं ताट सरकवणं तिथेच थांबत नसे. कमरेचा पट्टा खुंटीवर असायचा. पण पोरांना तो ब्रेड जीव की प्राण. म्हणून मी झटपट करायला शिकले. बाहेरची मंडळी लांबलचक पाव घेतात, चिरा देतात, चांदीच्या कागदात गुंडाळून भट्टीत ठेवतात. एवढा वेळ मला कुठला? शाळेची बस फाट्यावर थांबायची तिथपासून क्लॅरीची गाडी फाटकात शिरेपर्यंत जेवढा वेळ मिळायचा तेवढ्यात करायचं, खायचं आणि घर हवेशीर करायचं. शिळा कापलेला ब्रेड, ग्रिलखाली एक बाजू भाजली, उलटला, न भाजलेल्या बाजूला लोणी-लसूण, पुन्हा ग्रिलखाली, झालं. ग्लेन खिडक्या उघडून भांडी पुसायचा टॉवेल गरागरा फिरवायचा. तरी कधी कधी वास राहायचा. क्लॅरी दारातच थांबायचा.

"हे कुणी केलं?"

पोरगं तोंड उघडायच्या आत मी म्हणायचे, "मीच." लसणाचंच नव्हे, फुटलेल्या काचेचंही आणि गाडीच्या दाराला पडलेल्या खड्ड्याचंही. मीच. माझ्याशी तो फार तर आठवडाभर बोलायचा नाही, पण पोराच्या पाठीवर वळ उठायचे. आई म्हणून मला हिशेब सोपा वाटला.

तर हॉस्पिटलमधली ती मुलगी आली. टॅमसिन नाव, तिशीची असेल, बूट दारात काढून ठेवण्याइतकी शहाणी. पण बोलायला लागली आणि माझ्या डोक्यात गेली.

"वाल्मा, आज आपण काय करणार आहोत? आपण छानसं काहीतरी करून खाणार आहोत, हो की नाही?"

"आपण म्हणजे कोण?" मी विचारलं. "तूही हात लावणार आहेस का?"

जॅनीन त्यासाठी आदल्या दिवशीच अॅडलेडहून आली होती, तिनं डोळे वटारले. "आई!"

पण पोरगी मोकळेपणानं हसली आणि एकदम तिचा तो बाळाशी बोलायचा आवाज उतरला. "नाही, मी नुसती बघणार. बरेच जण चहा आणि टोस्ट करतात."

"टोस्ट आजारी माणसाला देतात. गार्लिक ब्रेड खातेस का?"

"कोण खात नाही?"

"माझा नवरा खात नव्हता. पण तो गेला."

ती पुन्हा हसली. जॅनीन हसली नाही. ग्लेन म्हणाला, "मी मागे गवताचं मशीन बघतो, सुरू होताना कुरकुरतंय," आणि मागच्या जाळीच्या दारातून बाहेर सटकला. गर्दीत उभं राहणं त्याला कधीच जमलं नाही.

माझा गॅसचा स्टोव्ह जुना होता, पांढऱ्या मुलाम्याचा, ग्रिल वर, डोळ्यांच्या उंचीला. आत एक बारीक ज्योत कायम तेवत असायची, बटण फिरवलं की फस्सकन सगळी रांग पेटायची. काडीपेटी लागत नसे. टॅमसिननं मान वर करून पाहिलं.

"असा मी फक्त आजीकडे पाहिलाय."

"तुझ्या आजीला स्वयंपाक येत असणार मग."

मी लसूण सोलला. पाकळ्यांवर मीठ टाकून सुरीच्या पात्यानं दाबून दाबून चिखल केला, कारण नुसता बारीक चिरला तर तो ग्रिलखाली आधी जळतो आणि जळला की कडू होतो. लोणी सकाळीच बाहेर काढून ठेवलं होतं. वितळवायचं नाही, वितळलेलं लोणी ब्रेडमधून खाली गळून जातं. पार्सली मी स्वतः मागे जाऊन आणली. पायऱ्या उतरताना ती मुलगी माझ्या पायांकडे बघतेय हे मला कळत होतं, म्हणून मी कठड्याला हात लावला, गरज नसताना. तिला बरं वाटावं म्हणून. मोडलेलं मनगट जरा आखडतं, तर मी डाव्या हातानं कालवलं. तेही तिनं पाहिलं. पहिला ट्रे भाजला, उलटला, माखला, पुन्हा आत. मी तिथेच उभी. कडा तपकिरी झाल्या, मधलं लोणी बुडबुडलं, काढला.

जॅनीन चहाचं तबक घेऊन पुढच्या व्हरांड्यात गेली, तिथे ऊन होतं. मी दुसऱ्या ट्रेची तयारी केली. हीही माझी जुनी सवय. दुसऱ्या ट्रेची एक बाजू भाजून, वर लोणी लावून, तो ग्रिलमध्येच सरकवून ठेवायचा, गॅस बंद. पहिला संपला की यायचं, बटण फिरवायचं, दोन मिनिटांत गरम गरम पुन्हा हजर.

"आत का ठेवताय?" टॅमसिननं विचारलं.

"बाहेर ठेवलं तर माश्या बसतात. पेटवायचं ते परत आल्यावर."

"शाबास," ती म्हणाली आणि बश्या उचलून जॅनीनच्या मागे गेली.

ती गेली आणि मग मी ट्रे आत सरकवून, बटण फिरवून गॅस बंद केला. तिच्यासमोर फिरवलं असतं तर आज मी इथे नसते. पण मला काय माहीत? आपल्याच स्वयंपाकघरात बटण फिरवायला कुणी साक्षीदार बोलावतं का?

व्हरांड्यात बसलो. टॅमसिननं पहिला तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, मग बोटं चाटली आणि लाजली. "हे मी घरी करणार."

"फ्रीजमधला घट्ट ब्रेड घेऊ नकोस. आदल्या दिवशीचा घे."

आणि मग जॅनीन, जी त्या दोन दिवसांत माझ्याशी फक्त हॉस्पिटलच्या भाषेत बोलली होती, ती खुर्चीत मागे रेलली. "किती वर्षांनी खाल्लं हे," ती म्हणाली. "बसमधून उतरून आम्ही पळत यायचो. ग्लेन टॉवेल फिरवायचा, आठवतं, आई? एकदा दिवाच फोडला त्यानं."

"आणि बाबांना कुणी सांगितलं फोडला म्हणून?"

"तू," ती म्हणाली. "नेहमी तूच." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि क्षणभर ती माझी मुलगी होती, देखरेख करणारी बाई नव्हती.

टॅमसिननं चहाचा कप खाली ठेवला. "जॅनीन, खरं सांगू? मला इथे काही अडचण दिसत नाही. आठवड्यातून दोनदा कुणीतरी येऊन जाईल अशी सोय करता येईल. बाकी वाल्मा माझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करतात."

जॅनीननं माझ्या हातावर हात ठेवला. "ठीक आहे मग," ती म्हणाली. "ठीक आहे, आई. राहा तू."

हे शब्द मी ऐकले. माझ्या कानांना काही झालेलं नाही. राहा तू. माझा जीव भांड्यात पडला, आणि वेड्यासारखं मला पहिलं काय सुचलं असेल, तर पुढच्या शरदात लसूण कुठल्या वाफ्यात लावायचा ते.

जॅनीननं आत तोंड करून हाक मारली, "ग्लेन! कुठे आहेस? ये की, संपतंय इथे!"

मागचं जाळीचं दार खाडकन आपटलं. मला वाटलं, येतोय. तो आला नाही. आम्ही आणखी चहा घेतला. टॅमसिन तिच्या आजीबद्दल सांगत होती, आणि मी उठून दुसरा ट्रे पेटवावा की आणखी थोडं ऐकावं असा विचार करत होते. तेवढ्यात छताला लावलेली ती धुराची घंटा किंचाळायला लागली.

मी सगळ्यांच्या आधी पोचले. हे कुणी लक्षात ठेवत नाही. ग्रिल लालबुंद पेटलेलं, आत ब्रेड काळा, आणि दांड्यावर टांगलेल्या टॉवेलचं टोक धुमसत होतं. मी गॅस बंद केला, टॉवेल ओढून सिंकमध्ये टाकून नळ सोडला, फडक्यानं ट्रे बाहेर काढला. हात थरथरला नाही. टॅमसिननं खिडकी उघडली. जॅनीन खुर्चीवर चढून ती घंटा बंद करायला धडपडत होती. काही जळालं नाही, कुणाला लागलं नाही. एक टॉवेल आणि एक ट्रे ब्रेड.

मी ट्रेकडे पाहिलं. काळ्या चौकोनांच्या दोन रांगा, आणि पुढच्या रांगेत एक जागा मोकळी. ट्रे मी भरून ठेवला होता.

तेव्हा मागच्या दारातून ग्लेन आत आला. "काय झालं?"

त्याच्या ओठांवर लोणी चकाकत होतं. खालच्या ओठाच्या कोपऱ्यात पार्सलीचा हिरवा कण चिकटलेला होता. कच्चाच खाल्ला होता, लहानपणी खायचा तसा, ट्रेमधून पळवून. आणि त्याच्या शर्टाला ताज्या सिगरेटचा वास होता. मला सगळं दिसलं, जसं मी तिथे उभी होते. खिशात लायटर ठेवायची सोय नाही, बायको खिसे तपासते. गॅसच्या चुलीवर वाकलं तर भुवया जळतात. ग्रिल तोंडासमोर असतं. त्याचा बाप रोज सकाळी सिगरेट त्यावरच पेटवायचा आणि पोरगा बघायचा. बटण फिरवलं, पेटवली, एक तुकडा उचलला, तेवढ्यात बहिणीची हाक आली आणि चोरासारखा पळाला. बटण राहिलं.

जॅनीन खुर्चीवरून उतरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, तू ग्रिल चालू ठेवून बाहेर आलीस?"

मी ग्लेनकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखत होते. खुंटीवरच्या पट्ट्याकडे बघत उभा असायचा तेव्हाची.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच. लक्ष नव्हतं माझं."

विचार करून बोलले असते तर गोष्ट वेगळी. हे विचाराच्या आधीच आलं, ठेच लागली की 'आई गं' येतं तसं. पण बोलल्यावर मी थांबले. त्याला जागा दिली. क्लॅरी मेला होता, पट्टा कधीच कचऱ्यात गेला होता, समोर होती फक्त त्याची बहीण आणि तिची तोंडाची टकळी. आता त्यानं म्हणायचं होतं, नाही जॅनीन, मी होतो. एवढंच. पाच शब्दही नाहीत.

ग्लेननं आपल्या बुटांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "जाऊ दे गं, जॅनीन. तिला बोलू नकोस. या वयात होतं असं."

आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

टॅमसिन हळूच म्हणाली, "वाल्मा, मी तुम्हाला बंद करताना पाहिलं नाही. पाहिलं असतं तर..." तिचे डोळे भरले होते. तिच्यावर माझा राग नाही. तिनं आपलं काम केलं, आणि ते करताना तिला वाईट वाटलं. माझ्या घरात त्या दिवशी तेवढंही दुसऱ्या कुणाला वाटलं नाही. मग ती जॅनीनला घेऊन व्हरांड्यात गेली, दार लोटून घेतलं, आणि त्या दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. ग्लेन मशीनकडे गेला. मी ट्रे घासत बसले. जळलेलं लोणी निघता निघत नाही.

संध्याकाळी मी जॅनीनला सांगितलं. सगळं. सिगरेट, मोकळी जागा, पार्सली. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं तो राग असता तर मला चाललं असतं. ती कीव होती.

"आई, तूच म्हणालीस ना, लक्ष नव्हतं म्हणून?"

"त्याच्यासाठी म्हणाले."

"ग्लेननं सिगरेट सोडून दोन वर्षं झाली."

"सोडली नाही. मला वास येतो."

तिनं फोन उचलला आणि त्याला विचारलं, मलाही ऐकू जाईल असं.  पलीकडून त्याचा आवाज आला, मऊ, समजूतदार. "मी मागे मशीनपाशी होतो, आई. आणि मी ओढत नाही आता. ऑपरेशन झालं ना माझं? तुला आठवतं ना?"

तुला आठवतं ना! त्या ऑपरेशनच्या वेळी मी हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून काढलेल्या रात्रींची त्यानं मला आठवण करून दिली. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मागच्या पायरीपाशी जाऊन थोटूक शोधलं. नव्हतं. तेवढं मात्र त्यानं आठवणीनं उचललं होतं.

मी जितकं सांगत गेले तितकी रुतत गेले. विसरते, हे एक होतं. आता विसरते आणि वर मुलावर आळ घेते, हे दुसरं झालं. जॅनीन टॅमसिनशी फोनवर बोलताना मी ऐकलं, "गोष्टी रचायला लागलीये." मग मी गप्प बसले. शब्द दिला होता, वाद घालायचा नाही म्हणून.

लोकांना वाटेल, पोराचा घरावर डोळा असेल. तसं असतं तर मी एक वेळ समजू शकले असते. लोभ मला कळतो. माझ्या सासरी कुंपणाच्या तारेवरून भाऊ भाऊ जन्मभर बोलले नाहीत. पण ग्लेनला घर नको होतं. घर रिकामं करताना तो रडला, खरं रडला, लिंबाच्या झाडाला टेकून. त्याला फक्त बहिणीची बोलणी खायची नव्हती. एवढ्यासाठी. मला त्यानं एका सिगरेटसाठी विकलं, आणि तीही अर्धी ओढून टाकलेली. आणि असा तो कुणी घडवला, हे मला कुणी सांगायला नको.

आता मी इथे आहे. झेंडूच्या कुंड्या समोर आहेत. स्वयंपाकघराला कुलूप असतं, आम्हा लोकांना आत जायची परवानगी नाही. बुधवारी पास्ता असतो आणि बरोबर ओलसर गार्लिक ब्रेड, ज्याला लसणाचा फक्त निरोप मिळालेला असतो. माझं घर एका तरुण जोडप्यानं घेतलं. स्टोव्ह त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला.

ग्लेन दर रविवारी येतो. न चुकता. इथल्या बायका म्हणतात, असा मुलगा मिळायला नशीब लागतं. येताना तो दुकानातला गार्लिक ब्रेड आणतो, चांदीच्या कागदातला, घरी गरम करून. इथे पोचेपर्यंत तो कोमट झालेला असतो. मी खाते. तो माझ्या खोलीत खुर्चीच्या मागच्या दोन पायांवर झुलत दुकानातल्या गोष्टी सांगतो. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला वाटायचं, त्यानं स्वतःला पटवून दिलं असेल. माणूस पटवून देतो. आईच विसरली, आपण मशीनपाशी होतो, असं रोज म्हटलं की वर्षभरात तसंच घडलेलं असतं.

गेल्या रविवारी त्यानं वाकून माझ्या डोक्यावर ओठ टेकवले. पेपरमिंट, आणि खाली तेच.

"आता पेटवतोस कशावर?" मी विचारलं. ब्रेडचा कागद सोडता सोडता, सहज.

"लायटर घेतला," तो म्हणाला.

आणि मग त्याची खुर्ची चारही पायांवर आली.

  म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून, प्रत्येक रविवारी, हा ब्रेड माझ्या हातात देताना. त्याचे कान लाल झाले होते. त्याचं तोंड उघडलं आणि मला वाटलं, आता म्हणेल. आत्ताही म्हणाला असता तरी मी त्याला जवळ घेतलं असतं. देवाशपथ घेतलं असतं.

तेवढ्यात दारात लुसियाना आली. फिजीची पोरगी, इथे कामाला असलेल्यांत तीच एक हसरी, पण नाक कुत्र्यासारखं. ती दारातच थांबली.

"हा सिगरेटचा वास कुठून येतोय? कुणाच्या खिशात लायटर-बिटर नाही ना? अहो, शेजारच्या खोलीत ऑक्सिजन लावलेला माणूस आहे. कुणी आणलाय?"

ग्लेननं माझ्याकडे पाहिलं.

तीच नजर. पांढरे झालेले केस, सुटलेलं पोट, आणि त्यात ते दहा वर्षांचं पोरगं, माझ्या तोंडाकडे बघत, वाट बघत. माझ्या जिभेवर शब्द आलासुद्धा. तो येतोच, त्याला बोलवावं लागत नाही.

मी ब्रेडचा तुकडा मोडला, मोठा, मावेल तेवढा, आणि तोंडात कोंबला. लसूण कच्चा होता, वरून निवलेलं लोणी. मी चावायला लागले.

"कुणाचा आहे?" लुसियानानं पुन्हा विचारलं.

ग्लेन माझ्याकडे बघत होता. मी चावत राहिले.